टॉप मॉडेल म्हणजे नेमके काय? रेंज रोव्हर स्पोर्टच्या श्रेणी आणि काळ्या मातीतले रस्ते

मोटारीच्या बाजारात ज्याला ‘व्हेरियंट’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ‘बेस मॉडेल’, ‘मधले मॉडेल’, ‘टॉप मॉडेल’ अशी ज्याची वाटणी होते, ती श्रेणी म्हणजे एकाच नावाच्या आणि एकाच सांगाड्यावर उभ्या असलेल्या गाडीची वेगवेगळ्या किमतीला विकली जाणारी प्रत होय. साध्या मोटारीत दोन प्रतींमधला फरक लाख-दोन लाखांचा असतो आणि तो काचा, कॅमेरा, अलॉय चाके अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत बहुतांशी मोजता येतो. महागड्या आणि वेगवान एसयूव्हीत, म्हणजे उंच बैठकीच्या, चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या आणि तरीही स्पोर्ट्स कारसारखी धावण्यासाठी बांधलेल्या गाडीत, सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या श्रेणीतले अंतर कोटीच्या घरात जाऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग गाडीच्या पोटाखाली दडलेला असल्यामुळे शोरूममध्ये उभ्या उभ्या तो दिसत नाही. अशा श्रेणीच्या नावाखाली तीन निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून विकल्या जातात: गाडी कशी धावते, वळते आणि थांबते हे ठरवणारी यंत्रणा, आत बसणाऱ्याला मिळणारी सोय, आणि बाहेरून पाहणाऱ्यासाठी केलेले रूप. हे गाठोडे सोडवून प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी पाहिल्याशिवाय ‘टॉप मॉडेल’ या शब्दाला अर्थ येत नाही.

या विचारासाठी रेंज रोव्हर स्पोर्ट हे उदाहरण महाराष्ट्राच्या सर्वांत जवळचे आहे. ब्रिटनमधील जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्डकडून सुमारे २.३ अब्ज डॉलरांना विकत घेतली. या कंपनीच्या काही गाड्यांची जुळणी २०११ पासून पुण्यात होत होती, पण रेंज रोव्हर आणि २००५ मध्ये बाजारात आलेली तिची धाकटी बहीण रेंज रोव्हर स्पोर्ट या दोन्ही गाड्या इंग्लंडमधील सोलिहल येथेच तयार होत. मे २०२४ मध्ये या दोन्ही गाड्यांची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा झाली आणि रेंज रोव्हरच्या ५४ वर्षांच्या इतिहासात ती प्रथमच इंग्लंडबाहेर बांधली जाऊ लागली. अशा गाड्यांचे गिऱ्हाईक केवळ मुंबई-पुण्यातच असते, हा समज औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, ऑक्टोबर २०१० मध्येच मोडून काढला होता. तेथील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा त्या व्यवहाराची चर्चा देशभर झाली.

येथे हा विचार यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावाच्या बाजूने केला आहे, कारण शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर श्रेणींची तुलना एक होते आणि कापूस-सोयाबीनच्या काळ्या मातीच्या मुलखात तीच तुलना वेगळी होते. नागपूर, वर्धा, यवतमाळ, महागाव, उमरखेड, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ या तालुक्यातून गेलेला आहे आणि त्यावर मोठी गाडी सुखाने धावते. महामार्ग सोडला की मात्र पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती रस्त्याचा पायाच हलवते, डांबराच्या कडा तुटतात आणि साइडपट्टी खचते. एमएच २९ या यवतमाळच्या क्रमांकाच्या गाडीला या दोन्ही रस्त्यांवर रोज चालावे लागते. गावात प्रत्यक्ष विकत घेतली जाते ती बोलेरो किंवा स्कॉर्पिओ, परंतु श्रेणींचा गुंता तेथेही तोच असतो. चाकणला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचेच पाहावे: तिच्या सर्वांत खालच्या ‘झेड-२’ श्रेणीत २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३२ पीएस ताकद देते आणि वरच्या श्रेणींत तेच इंजिन १७५ पीएस देते. इंजिनचे नाव एक, आकारमान एक, आणि ताकदीत जवळजवळ एक-तृतीयांश फरक असूनही गाडी मागून पाहणाऱ्याला तो कळत नाही.

रेंज रोव्हर स्पोर्टच्या मे २०२२ मध्ये सादर झालेल्या तिसऱ्या पिढीत जगभरच्या बाजारांत एसई, डायनॅमिक एसई, डायनॅमिक एचएसई आणि ऑटोबायोग्राफी अशा चढत्या श्रेणी आल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्या डोक्यावर एसव्ही ही श्रेणी बसवली गेली. इंजिनाच्या बाजूने पाहिले तर डिझेल गाडीत सहा सिलिंडरचे तीन लिटरचे इंजिन ३५० पीएस ताकद आणि ७०० न्यूटन मीटर टॉर्क देते. पेट्रोलमध्ये तेवढ्याच आकाराचे सहा सिलिंडरचे इंजिन ४०० पीएस आणि ५५० न्यूटन मीटर देते. त्याहून वर आठ सिलिंडरचे ४.४ लिटरचे इंजिन ५३० पीएसचे आहे, आणि एसव्हीमध्ये तशाच आठ सिलिंडरच्या इंजिनाकडून ६३५ पीएस काढून घेतले जातात. पीएस म्हणजे अश्वशक्ती मोजण्याचे मेट्रिक एकक, आणि टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा किती जोराने फिरवला जातो ते सांगणारे पीळबल. अश्वशक्तीवर गाडीचा वरचा वेग मुख्यतः ठरतो, तर उभ्या गाडीने चढावर किंवा चिखलात वजन कसे ओढून काढावे हे टॉर्कवर ठरते. शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसते, कारण नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती पुष्कळ मोटारींपेक्षा कमी असूनही ओढ कितीतरी जास्त असते हे तो रोज पाहतो. या कसोटीवर डिझेल गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा ‘खालची’ ठरत नाही. ताशी शून्यापासून १०० किलोमीटरपर्यंत पोचायला डिझेलला ५.९ आणि पेट्रोलला ५.७ सेकंद लागतात, म्हणजे फरक सेकंदाच्या पाचव्या भागाचा आहे, आणि ओढीत डिझेल १५० न्यूटन मीटरने पुढे आहे.

एसव्हीची गोष्ट वेगळी आहे. तीच धाव ती ३.८ सेकंदांत पुरी करते आणि तिचा कमाल वेग ताशी २९० किलोमीटर सांगितला जातो. अडीच टनांच्या आसपासचे वजन इतक्या वेगाने पळवायचे म्हटले की केवळ इंजिन मोठे करून भागत नाही; ब्रेक, झटके शोषणारे सस्पेन्शन, टायर, स्टीअरिंग आणि सांगाडा हे सारे त्याच मापाचे घ्यावे लागतात, कारण वाढवलेली ताकद नेहमी सर्वांत दुबळा भाग शोधते. या नियमाची फार दुःखद आठवण फुलसावंगीच्याच नावाशी जोडलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या गावातल्या एका तरुणाने मारुती ८०० चे इंजिन वापरून स्वतःच्या कष्टाने एक आसनी हेलिकॉप्टर उभे केले होते. चाचणीच्या वेळी मागच्या पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याची जिद्द आणि हातातले कसब यांविषयी आदरच वाटावा असे ते काम होते. इंजिन चालले होते, तुटले ते पाते. आणि मोठ्या कारखान्यांत प्रत्येक फिरत्या भागाची थकवा-चाचणी, म्हणजे लाखो फेऱ्यांनंतर धातूला तडा जातो का याची तपासणी, एवढ्या खर्चाने का केली जाते ते या घटनेवरून कळते.

एसव्हीच्या जास्तीच्या किमतीतला खरा यांत्रिक भाग वाढीव ताकदीच्या मापाच्या अशा भागांत आहे. तिच्यातली ‘६डी डायनॅमिक्स’ नावाची रचना चारही चाकांचे धक्काशोषक द्रवाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडते, त्यामुळे वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली किंवा ब्रेक दाबल्यावर नाक खाली घालू लागली की द्रवाचा दाब बदलून तिला सपाट ठेवतो आणि त्यासाठी जाड लोखंडी अँटी-रोल बारची गरज उरत नाही. जास्तीचे पैसे भरून कार्बन-सिरॅमिक ब्रेक, म्हणजे वारंवार जोरात दाबूनही तापून ढिले न पडणाऱ्या चकत्यांचे ब्रेक, आणि कार्बन फायबरची २३ इंची चाके घेता येतात. या दोहोंमुळे गाडीचे वजनही घटते. हे सारे अभियांत्रिकीचे उत्तम काम आहे यात शंका नाही. परंतु ते शर्यतीच्या धावपट्टीवर कामाला येते, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारीला ताशी १२० किलोमीटरचीच मुभा आहे. ताशी २९० साठी बांधलेल्या यंत्रणेचा अर्ध्याहून अधिक भाग महाराष्ट्रातल्या कोणत्याही रस्त्यावर कायद्याने वापरताच येत नाही.

याउलट ज्या यंत्रणेची या मुलखात रोज गरज लागते ती सुदैवाने खालच्या श्रेणीतही मिळते. एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी तोलणारी रचना, डायनॅमिक एसईमध्येही असते. वाईट रस्त्यावर ती गाडी वर उचलते आणि महामार्गावर खाली बसवते. साध्या श्रेणींची पाण्यातून जाण्याची क्षमता ९०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे तीन फुटांपर्यंत सांगितली जाते. मात्र हा आकडा साचलेल्या किंवा संथ पाण्याचा आहे हे विसरता कामा नये. पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात खोलीपेक्षा पाण्याचा लोंढा घातक असतो आणि दोन टनांची गाडीही तरंगू लागली की वाहून जाते. जुलै २०२३ मध्ये याच महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात माणसे अडकली आणि त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली, तेव्हा नाल्याचे पाणी किती लवकर चढते ते साऱ्या तालुक्याने पाहिले. कोणत्याही श्रेणीची कोणतीही गाडी पुलावरच्या पाण्यात घालू नये.

श्रेणी चढत गेली की चाकाचा आकारही चढतो, आणि काळ्या मातीच्या रस्त्यासाठी संपूर्ण तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. टायरच्या कडेवर २७५/५० आर २१ असे काही कोरलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या उभ्या कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, आणि शेवटचा आकडा आतल्या धातूच्या रिमचा व्यास इंचांत देतो. या हिशेबाने २१ इंची चाकावर २७५ च्या ५० टक्के, म्हणजे सुमारे १३७ मिलिमीटर उंच रबर असते. २२ इंचीसाठी येणाऱ्या २८५/४५ टायरला ते १२८ मिलिमीटर भरते. आणि २३ इंची चाकाच्या २८५/४० टायरला अवघे ११४ मिलिमीटर उरते. खालून वर येताना कमी झालेले ते सुमारे सव्वादोन सेंटीमीटर रबर हीच खड्ड्याची कड आणि महागडी रिम यांच्यामधली गादी असते. मोठे चाक उभ्या गाडीला शोभते, वळणावर तिला ताठ ठेवते आणि दिसायला भारदस्त वाटते. पण डांबराची तुटलेली कड टायरला चिमटा काढते तेव्हा बाजूचे रबर फुगते किंवा रिम वाकते, आणि या मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळण्याची आशा नसते. एसव्हीमध्ये पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असल्यामुळे झीज सारखी व्हावी म्हणून ते पुढे-मागे अदलून बदलूनही लावता येत नाहीत. खालच्या श्रेणीचे २१ इंची चाक या रस्त्यांसाठी सरळसरळ अधिक चांगले आहे, आणि जास्त पैसे देऊन कमी योग्य वस्तू घेण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मोटारींच्या बाजारात क्वचित सापडेल.

सोयींच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्या प्रत्येकाच्या आवडीवर अवलंबून असतात. वरच्या श्रेणीत थंड हवा सोडणारी आणि पाठ रगडणारी आसने मिळतात, मेरिडियन कंपनीची ध्वनियंत्रणा २९ स्पीकर आणि १,४३० वॅटपर्यंत जाते, आणि एसव्हीमध्ये संगीताचा ठेका आसनातून अंगाला जाणवेल अशीही व्यवस्था आहे. लांबच्या प्रवासात पाठीचे दुखणे असणाऱ्याला चांगल्या आसनाचा उपयोग निश्चित होतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या विदर्भात हवेशीर आसन ही चैन म्हणता येणार नाही आणि तेवढ्यासाठी मधली श्रेणी घेणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. फक्त सोयीसाठी दिलेला पैसा आणि यंत्रणेसाठी दिलेला पैसा यांची सरमिसळ होऊ नये. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या ऑडी क्यू-७ च्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत हा भेद स्वच्छ दिसतो: प्रीमियम प्लस ८८ लाख ६६ हजारांना आणि टेक्नॉलॉजी ९७ लाख ८१ हजारांना जाहीर झाली, आणि दोन्हींत इंजिन तेच तीन लिटरचे, ३४० अश्वशक्तीचे. वरचे ९ लाख १५ हजार रुपये गाडीचा वेग वाढवत नाहीत, हे तेथे निदान लपून राहत नाही.

आता कराकडे वळावे लागते, कारण भारतात श्रेणींमधली दरी कारखान्याइतकीच करखात्याने खोदलेली असते. चाळीस हजार डॉलरांहून महाग असलेली तयार गाडी परदेशातून आणली तर तिच्यावर सारे मिळून ११० टक्के आयात शुल्क बसते, आणि शुल्कासह झालेल्या रकमेवर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे बंदरावर १०० रुपयांना उतरलेली गाडी शुल्कानंतर २१० रुपयांची होते आणि त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेला ४० टक्के कर धरला की विक्रेत्याचा नफा मिळवण्याआधीच २९४ रुपयांवर पोचते. त्या तारखेपूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर असे ५० टक्के लागत, तेव्हा हाच आकडा ३१५ होता. सुटे भाग आणून येथे जुळणी केली तर शुल्काचा दर कितीतरी कमी असतो. पुण्यात जुळणी सुरू झाली तेव्हा रेंज रोव्हर स्पोर्टची सुरुवातीची शोरूम किंमत सुमारे १ कोटी ६९ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली ती यामुळेच. तो लाभ मिळाला तीन लिटरच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनाच्या डायनॅमिक एसईला. एसव्ही मात्र तयार गाडी म्हणूनच समुद्रापलीकडून येत राहिली. खालच्या श्रेणीचा खरेदीदार आपल्या पैशाचा मोठा भाग गाडीवर खर्च करतो आणि वरच्या श्रेणीचा खरेदीदार तितकाच किंवा त्याहून मोठा भाग शुल्कावर आणि करावर खर्च करतो, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला असून त्यात ठरावीक संख्येपुरते ब्रिटिश मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. तिचा लाभ सोलिहलहून येणाऱ्या वरच्या श्रेणींना होणार असल्यामुळे ही दरी पुढे अरुंद होत जाईल.

राज्याचा एकरकमी मोटार कर हा आणखी एक फरक घडवतो. महाराष्ट्रात २० लाखांहून महाग असलेल्या व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला १३ टक्के आणि डिझेल मोटारीला १५ टक्के कर पडतो, आणि त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. उदाहरणादाखल १ कोटी ४० लाख ही किंमत धरली तर पेट्रोल गाडीला १८ लाख २० हजार आणि डिझेल गाडीला २१ लाख रुपये भरावे लागतात. शोरूमच्या तक्त्यात शेजारी शेजारी एकाच किमतीला दिसणाऱ्या दोन गाड्यांमध्ये परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर २ लाख ८० हजारांचे अंतर पडते. जुन्या मर्यादेत डिझेलचा कर २० लाखांवर थांबला असता. गाडी कंपनीच्या नावाने घेतल्यास दर २० टक्क्यांचा, म्हणून नाव कोणाचे लावायचे हेही आधी ठरवावे.

तरीही या मुलखासाठी निवड डिझेलच्याच बाजूने झुकते. ओढ जास्त, लांबच्या प्रवासात इंधन कमी, आणि लहान गावातल्या पंपावर उच्च ऑक्टेनचे पेट्रोल मिळेल की नाही ही चिंता नाही. डिझेल घेणाऱ्याने दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. धूर गाळणारा डीपीएफ हा फिल्टर साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी अधूनमधून महामार्गावरची सलग धाव मागतो, म्हणून गाडी फक्त गावातल्या गावात फिरवून चालत नाही. दुसरे म्हणजे धुरातला विषारी वायू निवळवण्यासाठी ‘अॅडब्लू’ नावाचे द्रव वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया मिसळून केलेले असते, आणि शेतासाठी आणलेल्या खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून त्या जागी कदापि वापरू नये, कारण त्यातली अशुद्धी ती नाजूक यंत्रणा चोंदवून टाकते.

सारा हिशेब मांडल्यावर विदर्भातल्या खरेदीदारासाठी पुण्यात जुळणी झालेली, डिझेल इंजिनाची, २१ इंची चाकांची डायनॅमिक एसई हीच या कुटुंबातली सर्वांत योग्य गाडी ठरते. नंतर बसवता येण्यासारख्या वस्तूंमध्ये पडदे, पायपुसणी आणि स्पीकरसुद्धा येतात. इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक येत नाहीत. म्हणून बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यावर श्रेणीचे नाव, इंजिनाची ताकद, गाडी पुण्याची की सोलिहलची, आणि टायरचे पूर्ण माप या चार गोष्टी स्पष्ट लिहून मागाव्यात.